आलेखांत नदी उलटी वाहते तेव्हां



आजच्या भाषणाचा विषय वरकरणी अगदीं लहान आहे. आंकड्यांवरून आलेख काढतांना एका अक्षावर संख्या येतात, आणि दुसऱ्या अक्षावर पुष्कळदां नुसतीं नांवें येतात. कधीं गांवांचीं, कधीं पिकांचीं, कधीं धंद्यांचीं, तर कधीं शाळेंतील इयत्तांचीं. या नांवांचा क्रम वरून खालीं लावावा कीं खालून वर, आणि यंत्रानें लावून दिलेला क्रम उलटा करावयाचा तर तो कसा करावा, एवढाच प्रश्न आज आपणांस पाहावयाचा आहे.

यांत बोलण्यासारखें तें काय, असें एखाद्यास वाटेल. परंतु वर्तमानपत्र उघडावें, नगरसंस्थेचा अहवाल चाळावा, किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट फिरवावें, तों कोठें ना कोठें एखादा आलेख समोर येतोच. आणि अशा आलेखांवरून आपण पाण्याविषयीं, आरोग्याविषयीं, मुलांच्या शिक्षणाविषयीं आपलीं मतें बनवीत असतों. आंकडे सर्व खरे असूनहि केवळ नांवांच्या क्रमामुळें वाचकाचें मत नेमकें उलटें होऊं शकतें. हें कसें घडतें तें दाखविण्याकरितां मी एका नदीचें उदाहरण घेतों. पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांना ती परकी नाहीं.

पवना नदी सह्याद्रीच्या कुशींत, मावळांत उगम पावते. पवना धरणांतून सोडलेलें पाणी नदीच्या पात्रांतून वाहत रावेतपर्यंत येतें. रावेतच्या बंधाऱ्यापाशीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिका तें उचलते, निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे पाठविते, आणि तेथून तें घरोघरच्या नळांना जातें. रावेत मागें टाकल्यावर नदी चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधिमंदिराजवळून जाते. पुढें पिंपरी आणि कासारवाडी यांच्या कडेनें वळणें घेत अखेर दापोडीजवळ मुळेला मिळते. हीं एके काळचीं वेगवेगळीं गांवें आज एकाच अखंड नगरांत सामावलीं आहेत, आणि त्या नगराचे नाले ठिकठिकाणीं नदीस येऊन मिळतात. त्यामुळें रावेतपाशीं नदीचें पाणी त्यामानानें बरें असतें, आणि दापोडीकडे जावें तसतशी त्यांतील घाण वाढत जाते.

ही घाण मोजण्याचें एक माप आहे. पाण्यांतील सेंद्रिय मळ कुजवितांना सूक्ष्म जंतूंना प्राणवायू लागतो. तो किती लागतो तें प्रयोगशाळेंत मोजतात. त्यास जैवरासायनिक प्राणवायूची मागणी, किंवा व्यवहारांत थोडक्यांत बी.ओ.डी., असें म्हणतात. आंकडा जितका मोठा तितकें पाणी अधिक दूषित. ज्या पाण्यावर नेहमींची शुद्धीकरणाची क्रिया करून तें पिण्यास द्यावयाचें, त्या पाण्यासाठीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें लिटरला ३ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा घालून दिली आहे.

आतां श्रोत्यांपुढें प्रत्यक्ष चित्र नाहीं. म्हणून प्रत्येकानें मनाशीं एक कागद धरावा. कोणी अभ्यासूनें या नदीचे आंकडे एका तक्त्यांत लिहिले आहेत असें समजूं. तक्त्याची पहिली ओळ रावेत, दुसरी चिंचवड, तिसरी पिंपरी, चौथी कासारवाडी, पांचवी दापोडी. नदी ज्या क्रमानें वाहते त्याच क्रमानें त्यानें नांवें लिहिलीं. यांत त्याचें कांहीं चुकलें नाहीं. मग हा तक्ता त्यानें संगणकाच्या स्वाधीन केला आणि आडव्या पट्ट्यांचा आलेख मागितला. उभ्या पट्ट्या न घेतां त्यानें आडव्या घेतल्या याचें कारणहि साधें आहे. उभ्या पट्ट्यांखालीं 'कासारवाडी' यासारखीं लांब नांवें मावत नाहींत. तीं तिरपीं करावीं लागतात आणि मग वाचणाऱ्यास मान वांकडी करावी लागते. आडव्या पट्ट्यांच्या डावीकडे मात्र नांवें ऐसपैस बसतात.

संगणकानें आलेख दिला. पाहतो तों सर्वांत वर दापोडी आणि सर्वांत खालीं रावेत! तक्त्यांत जें पहिलें तें आलेखांत शेवटचें झालें.

यंत्रानें असें कां केलें? भूमितीस संख्यांची जोड देण्याची जी पद्धति सतराव्या शतकांत देकार्तपासून युरोपांत वाढीस लागली, तिच्या आजच्या रूपांत शून्य हें डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यांत असतें, आणि तेथून संख्या उजवीकडे व वर वाढत जातात. शाळेंतील चौकटीच्या कागदावर आपण सर्वांनीं हेंच केलें आहे. यंत्रास रावेत काय आणि दापोडी काय, दोन्ही सारखींच. तें पहिल्या नांवास १ हा क्रमांक देतें, दुसऱ्यास २, आणि शेवटच्यास ५. मग १ हा शून्याच्या जवळ, म्हणजे तळाशीं ठेवून वर वर चढत जातें. यंत्र भूमितीचा नियम पाळतें आणि वाचक वाचनाचा नियम पाळतो. भूमिति तळापासून मोजूं लागते, वाचन माथ्यापासून सुरू होतें. या दोन नियमांची गांठ नांवांच्या अक्षावर पडते आणि तेथें घोटाळा होतो.

हा आलेख हातीं आलेल्या वाचकाच्या जागीं आपण स्वतःस कल्पूं या. त्याची दृष्टि पानाच्या माथ्याशीं सुरू होऊन खालीं उतरते. प्रथम त्यास दापोडीची लांबलचक पट्टी भेटते. मग कासारवाडीची, पिंपरीची आणि चिंचवडची. आणि सर्वांच्या शेवटीं रावेतची आंखूड पट्टी. ज्यास नदीची वाट ठाऊक नाहीं तो सरळ असा अर्थ लावतो कीं, नदी प्रथम घाणेरडी होती आणि शहरांतून वाहतां वाहतां स्वच्छ होत गेली. म्हणजे शहरानें नदी धुऊन काढली! दुसऱ्या एखाद्यास एवढेंच ठाऊक असतें कीं, आपलें पिण्याचें पाणी रावेतला उचलतात. तो हाच आलेख पाहून घाबरतो. कारण वरच्या चारहि गांवांची घाण वाहत येऊन रावेतला पोंचते आणि तीच आपल्या घागरींत पडते, असें चित्र त्यास दिसतें. पहिल्याचें समाधान खोटें, आणि दुसऱ्याच्या भयाचें हें कारणहि खोटें. आलेखांतील एकहि आंकडा चुकीचा नाहीं, एकहि पट्टी लांबविलेली किंवा आंखडलेली नाहीं; तरी एका नागरिकाची जबाबदारीची जाणीव निजली आणि दुसऱ्याची झोंप उडाली.

आतां तोच अक्ष उलटा करा. रावेत माथ्यावर येतें, दापोडी तळाशीं जाते, आणि पट्ट्या पायऱ्यांसारख्या खालीं खालीं लांब होत जातात. दृष्टि ज्या दिशेनें उतरते त्याच दिशेनें नदीहि उतरते. मग वाचकाच्या मनांत जो प्रश्न उठतो तो योग्य ठिकाणीं उठतो: रावेत आणि दापोडी यांच्या दरम्यान या नदींत काय मिसळतें, आणि तें कोणाचें? ज्या प्रश्नाचें उत्तर नगरसंस्थेनें, कारखानदारांनीं आणि आपण रहिवाशांनीं मिळून द्यावयाचें, तो प्रश्न पहिल्या आलेखानें झांकून टाकला होता.

येथें कोणी म्हणेल कीं, हा सर्व खटाटोप कशास? नांवें अकारविल्हे लावावीं म्हणजे कोणाचा पक्षपात नको आणि कोणाची तक्रार नको. कित्येक संगणक-प्रणालि आपण कांहीं न सांगितल्यास हेंच करतात. पण करून पाहावें. मराठी वर्णमालेप्रमाणें क्रम लागतो तो असा: कासारवाडी, चिंचवड, दापोडी, पिंपरी, रावेत. नदी येथें कोलांट्या उड्या मारीत वाहते! आणि हाच क्रम यंत्रानें तळापासून वर रचला, कीं आणखीच गंमत होते. रावेत माथ्यावर येतें, म्हणजे तेवढें बरोबर. परंतु त्याखालीं पिंपरी, मग दापोडी, मग चिंचवड आणि तळाशीं कासारवाडी. पहिलें नांव योग्य जागीं पाहून वाचक पुढील क्रमावरहि विश्वास टाकतो, आणि दापोडीनंतर चिंचवडला नदी सुधारली असें समजून बसतो. सर्वस्वीं उलटा आलेख एखादे वेळीं ओळखूं येतो. असा अर्धवट बरोबर आलेख ओळखणें फार कठीण. अकारविल्हे क्रम कोशास शोभतो, दूरध्वनीच्या यादीस शोभतो, कारण तेथें नांव शोधावयाचें असतें. नदीच्या आलेखांत नांव शोधावयाचें नसून नदीची वाट पाहावयाची असते.

शब्दांतहि हा दिशेचा प्रश्न येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील दूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, तींत पवनेचा पट्टा 'दापोडी ते रावेत' असा नोंदलेला आहे. म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध दिशेनें. पट्ट्याच्या दोन सीमा सांगावयाच्या एवढाच हेतु असतां यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु हीच नोंद समोर ठेवून कोणी आलेख काढावयास बसला, तर दापोडी पहिली आणि रावेत शेवटचें असें तो सहज लिहून जाईल. म्हणून नोंदींतील क्रम आलेखांत उतरविण्यापूर्वीं प्रत्यक्ष वस्तूची दिशा एकदां विचारून घ्यावी.

उलट दिशा ही नेहमींच चूक असते असें मात्र समजूं नये. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या स्थानिक गाडीचा विचार करा. पुणें स्थानक सुटल्यावर शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड आणि मग आकुर्डी अशीं स्थानकें येतात. रावेतच्या रहिवाशांना आकुर्डीचें स्थानक जवळचें. पाहा, नदीवरचींच नांवें आणि नेमकी उलट दिशा! या गाडींतील उतारूंची संख्या दाखवावयाची असेल, तर दापोडी वर आणि आकुर्डी खालीं हाच क्रम योग्य. तेथें रावेतकडचें टोंक माथ्यावर ठेवलें तर गाडी मागें जात आहे असें वाटेल. तींच नांवें, तेंच नगर. पाण्यासाठीं एक क्रम, गाडीसाठीं दुसरा. क्रम नांवांत नसतो. ज्या गोष्टीचा आलेख काढावयाचा तिच्या गतींत तो असतो.

रेल्वेच्या व्यवहारांत तर वर आणि खालीं या शब्दांनाच स्वतंत्र अर्थ आहे. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी ती 'अप' आणि मुंबईपासून दूर जाणारी ती 'डाऊन'. मुंबईहून पुण्याकडे येणारी गाडी समुद्रकांठ सोडून बोरघाट चढते, तरी ती 'डाऊन'च! कारण रेल्वेनें दिशा ठरविली ती डोंगराच्या उंचीवरून ठरविली नाहीं, मुख्य ठाण्यावरून ठरविली. एकदां संकेत ठरला आणि सर्वांस सांगितला, कीं त्यांत घोटाळा राहत नाहीं.

गाड्यांच्या वेळांचा आलेखहि फार जुना आहे. फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ एत्येन-झ्यूल मारे यानें आलेखपद्धतीवरील आपल्या ग्रंथांत पॅरिस ते लियों या मार्गाचा एक प्रसिद्ध आलेख दिला आहे. त्यांत स्थानकें एकाखालीं एक लिहिलीं आहेत, माथ्यावर पॅरिस आणि तळाशीं लियों. वेळ डावीकडून उजवीकडे जाते. आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ. पॅरिसहून निघालेली गाडी उजवीकडे उतरत जाते, लियोंहून निघालेली चढत जाते, आणि दोन रेघा जेथें छेदतात तेथें दोन गाड्या एकमेकींस भेटतात. आतां स्थानकांचा क्रम उलटा केला तर उतरणारी प्रत्येक रेघ चढूं लागेल आणि चढणारी उतरूं लागेल. गाड्यांचा वेग बदलणार नाहीं, भेटीची वेळ बदलणार नाहीं. बदलेल ती रेघेच्या उताराची भाषा. म्हणून अक्ष उलटा करणाऱ्यानें ती भाषा उलटी झाल्याचें वाचकास सांगितलें पाहिजे.

आणखी मागें जाऊन पाहूं. पट्ट्यांच्या आलेखाचा जनक म्हणून ज्याचें नांव घेतात, त्या विल्यम प्लेफेअर यानें १७८६ सालीं स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा एक आलेख प्रसिद्ध केला. त्यांत सतरा देशप्रदेशांचीं नांवें असून प्रत्येकासमोर आडव्या पट्ट्या आहेत. क्षुल्लक व्यापाराचें जर्सी माथ्यावर आहे आणि सर्वांत मोठ्या व्यापाराचें आयर्लंड तळाशीं आहे. या प्रदेशांत नदीसारखा वरचा-खालचा असा उपजत क्रम नाहीं. अशा वेळीं लहानमोठेपणावरून क्रम लावणें उत्तम. परंतु आजचा वाचक बहुधा विचारतो कीं, सर्वांत मोठें कोण? म्हणून मोठी पट्टी माथ्यावर असली कीं त्यास उत्तर पहिल्या दृष्टिक्षेपांतच मिळतें. पिकें, धंदे, खर्चाच्या बाबी यांना हा नियम लावावा. महिने, इयत्ता, वयोगट आणि नदीवरचीं गांवें यांना लावूं नये, कारण त्यांचा क्रम आधींच ठरलेला असतो.

अक्ष उलटा करूं नये असेहि प्रसंग आहेत. रावेतमध्यें आज उंच इमारतींची दाटी झाली आहे. अशा एखाद्या इमारतींत कोणत्या मजल्यावर पाणी किती दाबानें चढतें याचा आलेख काढावयाचा असेल, तर तळमजला तळाशींच राहूं द्यावा. तेथें यंत्राची सवय आणि वस्तूची रचना एकच आहे. पहिला मजला माथ्यावर नेऊन ठेवला तर इमारत डोक्यावर उभी राहील. लोकसंख्येचा वयोगटवार मनोरा काढतात तोहि असाच. बालकें पायाशीं आणि वृद्ध शिखरावर अशी ती रचना जगभर रूढ आहे. ती उलटी केली तर वाचकास नवी सोय होत नाहीं, जुनी ओळख मात्र मोडते.

आतां कृतीकडे वळूं. क्रम उलटा करण्याचे तीन मार्ग लोक वापरतात, आणि त्यांतील एक घातक आहे. कित्येकजण पट्ट्या जेथल्या तेथें ठेवून केवळ डावीकडील नांवें उलट्या क्रमानें पुन्हां लिहितात. याचा परिणाम असा कीं, दापोडीच्या घाणीवर रावेतचें नांव चढतें आणि रावेतचें स्वच्छ पाणी दापोडीच्या नांवावर जमा होतें. हा क्रम बदलणें नव्हे. ही खोटी साक्ष झाली. नांव आणि पट्टी यांची गांठ कधींहि सुटूं देतां कामा नये.

दुसरा मार्ग म्हणजे मूळ तक्ताच उलटा लिहिणें. आलेख त्यानें बरोबर येतो, परंतु तक्ता वाचणाऱ्यास नदी उलटी दिसते, आणि पुढें एखादें नवें ठिकाण तक्त्याच्या शेवटीं जोडलें कीं क्रम पुन्हां बिघडतो. तिसरा आणि सरळ मार्ग म्हणजे तक्त्यास हात न लावतां अक्षासच उलटें व्हावयास सांगणें. एक्सेलमध्यें नांवांच्या अक्षाच्या मांडणींत 'कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर' असा एक पर्याय असतो; त्यावर खूण केली कीं नांवें आणि पट्ट्या बरोबरच उलटतात. मात्र त्याच वेळीं तळाशीं असलेली संख्यांची मोजपट्टी उडी मारून माथ्यावर जाते. ती पुन्हां तळाशीं हवी असेल, तर दोन अक्षांचा छेद शेवटच्या नांवापाशीं, म्हणजे 'ॲट मॅक्सिमम कॅटेगरी', घ्यावयास सांगावें. पायथन भाषेंतील मॅटप्लॉटलिबमध्यें उभा अक्ष उलटा करण्याची एकच आज्ञा पुरते. आर या सांख्यिकी भाषेंत नांवांचा क्रम 'फॅक्टर'च्या 'लेव्हल्स'मध्यें सांठविलेला असतो. आपण न सांगितल्यास तो अकारविल्हे लागतो. म्हणून तेथें आधीं खरा क्रम सांगावा आणि नंतर तो उलटा मागावा.

एक सूचना आणखी. प्रत्येक गांवासमोर पावसाळ्यापूर्वींची आणि पावसाळ्यानंतरची अशा दोन रंगांच्या जोडपट्ट्या असतील, तर अक्ष उलटतांना त्या जोडीचाहि क्रम उलटतो. कोणता रंग कशाचा हें सांगणारी सूची त्याप्रमाणें आहे कीं नाहीं, हें पाहावें. नाहीं तर गांवें सुधारतील आणि ऋतु बिघडतील. आणि सर्व झाल्यावर आलेखाखालीं एक ओळ लिहावी: 'गांवें प्रवाहाच्या क्रमानें, वरून खालीं'. ही ओळ लिहिण्यास अर्धें मिनिटहि लागत नाहीं.

आलेख काढणारे थोडे, वाचणारे आपण सर्वच. वाचणाऱ्यांनीं तीन गोष्टी विचारण्याची संवय लावून घ्यावी. या नांवांना स्वतःचा असा कांहीं क्रम आहे काय? असेल तर तो आलेखांत पाळला आहे काय? आणि तो माथ्यापासून सुरू होतो कीं तळापासून? या तीन प्रश्नांस गणिताची पदवी लागत नाहीं. रावेतच्या बंधाऱ्यावरचें पाणी ज्या घरांत येतें, त्या घरांनीं तरी पवनेचा आलेख हातीं आला कीं पट्ट्यांची लांबी पाहण्याआधीं रावेत हें नांव कोठें लिहिलें आहे तें पाहावें. आणि मग आंकड्यांकडे वळावें.